तळ्यातून आणलेली मोठी गोगलगाय आणि अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातली ‘मिस्ट्री स्नेल’ एकच का?

नाही, वेगळ्या आहेत. रंगावर जाऊ नका, शंखाच्या तोंडावरचं झाकण बघा. आपल्याकडच्या तळ्यांत, भातखाचरांत सापडणाऱ्या पायलाचं (प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलवाली हीच!) झाकण चुन्यासारखं टणक असतं, तर मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या मिस्ट्री स्नेलचं, म्हणजे पोमॅसिया डिफ्युसाचं, नखासारखं लवचीक. पायला पाणवनस्पती खाते. डिफ्युसा सहसा शेवाळ आणि कुजकी पानं. मात्र तिची बहीण कॅनालिक्युलाटा झाडांचा फडशा पाडते, आणि तिचं झाकणही तसंच लवचीक. त्यामुळे तिला ओळखायला शंखाच्या वेढ्यांमधली खोल खाच आणि पाण्याबाहेर घातलेली भडक गुलाबी अंडी बघावी लागतात. तिघीही वर येऊन हवा घेतात, म्हणून टाकी काठोकाठ भरू नका, पण वरून झाका. नाहीतर सकाळी फरशीवर सापडेल.