ख्रिस्ताने पापावर विजय मिळवला असेल, तर विश्वासणारा पुन्हा का पडतो?

ख्रिस्ताने पापावर आणि संकटांवर विजय मिळवला असे ख्रिस्ती लोक म्हणतात, तरी त्यांच्याही हातून पापे घडतात आणि त्यांच्याही घरी अडचणी येतात, मग त्या विजयाची खात्री कशावरून धरायची, असे आपण विचारले आहे.

मी सोलापूरचा असून 22 वर्षे यंत्रमागावर टॉवेल विणत आलो आहे. आमच्याकडे पगार आठवड्याचा असतो. खाडा झाला की तेवढा पगार कापला जातो आणि उचल घेतली असल्यास ती आधी वळती होते. देवाचा हिशेबही असाच असणार, असे मी पुष्कळ वर्षे धरून चाललो होतो. मात्र बायबलमधील रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात त्या पत्राचा लेखक, प्रेषित पौल, मरणाला पापाचे ‘वेतन’ म्हणतो आणि सार्वकालिक जीवनाला देवाचे ‘कृपादान’. जे कमावलेलेच नाही, ते माझ्या खाड्यामुळे कापले कसे जाईल? माझी खात्री माझ्या हजेरीवर नाही, तर ख्रिस्ताच्या मरणाने वधस्तंभावर जे पूर्ण झाले त्यावर आहे.

याचा अर्थ पाप क्षुल्लक आहे, असा मात्र नाही. 2020 च्या टाळेबंदीत माग थांबले, तेव्हा मी व्याजाने पैसे काढले आणि ती गोष्ट पत्नीपासून जवळजवळ वर्षभर लपवली. त्या काळातही मी दर रविवारी उपासनेला जात होतो, हे अधिक लाजिरवाणे. बायबलमधल्याच योहानाच्या पहिल्या पत्रात, आपण आपली पापे पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर देव क्षमा करील, असे म्हटले आहे आणि ते पत्र विश्वासणाऱ्यांनाच लिहिलेले आहे. क्षमा मिळेल याची खात्री होती, म्हणूनच पत्नीसमोर खरे बोलण्याचे धाडस मला झाले. विजय मी प्रथम तेथे अनुभवला.

संकटांविषयी म्हणाल तर, विश्वास पुरेसा असला की आजार आणि कर्ज टळते, ही शिकवण मला मान्य नाही. रोमकरांस पत्राच्याच आठव्या अध्यायात पौल क्लेश, उपासमार, तलवार यांची नावे घेतो आणि ‘ह्या सर्व गोष्टींत’ आपण महाविजयी ठरतो, असे लिहितो. त्या गोष्टी टळतील, असे तो कोठेही म्हणत नाही. तंबू करून पोट भरणाऱ्या आणि पाच वेळा फटके खाल्लेल्या माणसाचे हे शब्द आहेत, म्हणून ते मला पटतात. माझे कर्ज अजून फिटलेले नाही; मात्र आता त्याचा हप्ता आम्ही दोघे मिळून मोजतो.