पंगतीत कोण कुठे बसायचं?

प्रिय पोरी,

तुझी सोळा पानं मिळाली. एकदा रात्री वाचली, एकदा सकाळी चहा घेताना. आजीच्या स्वयंपाकघराच्या आठवणी तू आत्ताच, आजी हिंडतीफिरती असताना लिहायला घेतल्यास, याचा मला फार आनंद झाला. पण त्या पानांत मला तुझी आजी भेटली नाही. सुरकुतलेले हात, मायेचा घास, चुलीवरचा खरपूस वास, सगळ्यांचं एकत्र हसणं. ही कुणाचीही आजी आहे. ती चाळीसगावकडची की शिरपूरकडची, भाकरी थापते की हातावर घडवते, रागावली की भांडी आपटते की गप्प होते, यातलं काहीच मला कळलं नाही. तुला हे ठाऊक आहे, म्हणूनच ते लिहायचं राहून गेलं असावं.

म्हणून एक काम सांगते. पुढचं पान लिहिण्याआधी एक कोरा कागद घे आणि त्या खोलीचा नकाशा काढ. तुझ्या आजीकडे सनमायकाचं टेबल आहे, सहा खुर्च्यांचं. सुट्टीत तुम्ही चौदा जण जमायचात, असं तू लिहिलंयस. मग सहा खुर्च्यांवर कोण बसायचं? उरलेले आठ कुठे? आजीची स्वतःची खुर्ची कोणती? तिला खुर्ची होती का?

आमच्याकडे टेबल नव्हतं. अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठच्या एका गावात आमचं धाब्याचं घर होतं. आजीला आम्ही नातवंडंसुद्धा ‘माय’च म्हणायचो, कारण वडील आणि काका तशी हाक मारायचे. चूल पूर्वेच्या भिंतीला. तिच्या उजव्या हाताला कापसाच्या पऱ्हाट्यांचा भारा, डाव्या हाताला काठवट. मागच्या कोपऱ्यात घरोट म्हणजे जातं, त्यावर जुनं लुगडं झाकलेलं. मधल्या खोलीत पंगत बसायची. भिंतीला पाठ लावून बाबा, त्यांच्या शेजारी मोठे काका, मग वयाच्या उतरंडीने बाकीचे पुरुष. समोरच्या ओळीत आम्ही पोरं. काकू आणि आई वाढायच्या. फुई, म्हणजे आत्या, सासरहून आलेली असली तरी तीही वाढायलाच. पुरुषांची पंगत उठली की बायकांची चुलीपुढे बसायची, तोवर रशी निवलेली आणि भाजीच्या पातेल्याचा तळ दिसू लागलेला.

हा नकाशा मी पहिल्यांदा काढला तेव्हा माझं वय पन्नाशीच्या पुढे होतं. त्याआधी मी त्या घराविषयी एक लेख लिहिला होता. आमच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पंगतीत घरचे, दारचे, वर्षाच्या बोलीवर ठेवलेले सालदार सगळे एकत्र जेवायचे, असं मी त्यात मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं. तुला माहीत असेल, आपल्या खानदेशात सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि नवं सालही आखाजीलाच धरलं जातं. त्या दिवशी सालदाराला मालकाच्या घरी पुरणपोळीचं जेवण. आमच्या सालदाराला आम्ही पोरं आप्पा म्हणायचो. त्याच्या खांद्यावर बसून मी शेतात गेलेली आहे.

लेख छापून आल्यावर काही महिन्यांनी एका लग्नात आप्पाचा मुलगा भेटला. शिकून नोकरीला लागलेला, केस पिकलेला माणूस. लेख वाचल्याचं सांगून तो शांतपणे म्हणाला, “ताई, माझा बाप ओट्यावर जेवायचा.”

तेवढंच बोलला. आणि मला लख्ख दिसलं. दाराबाहेरच्या ओट्यावरची ती जागा, त्याची जर्मनची थाळी, जेवल्यावर ती त्याने स्वतः घासून गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीत पालथी घालणं. मी ते रोज पाहिलं होतं. कुणी लपवलं नव्हतं. मलाच ते पंगतीत आणून बसवायचं होतं, कारण तशी आठवण जवळ बाळगायला बरी वाटत होती. त्या घरावरचं माझं प्रेम खोटं नव्हतं. पण लिहिताना मी आप्पाची जागा बदलली, आणि त्याच्या मुलाला ती परत सांगावी लागली. आजही हे लिहिताना मला अवघड होतं. तुझ्यावर अशी वेळ येऊ नये, म्हणून नकाशा आधी काढ. टेबलापाशी कोण होतं ते लिही, आणि दाराबाहेर, ओट्यावर, मोरीपाशी कोण होतं तेही लिही. घरात भांडी घासायला बाई येत असेल तर तिच्या चहाचा कप कुठे ठेवलेला असायचा, ते आठव.

श्रावणातल्या कानबाईचंही, आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाचंही, असंच. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, आणि त्यासाठी घरातल्या पुरुषांच्या संख्येप्रमाणे सव्वा सव्वा मूठ धान्य काढतात. त्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे. आमच्या घरी लग्न झालेल्या लेकीला ते मिळत नसत. ज्या घरात जन्मली, ज्या घरोटावर दळलं, त्या घरचा रोट फुईला चालत नव्हता. लहानपणी मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. सगळे जमले की आनंदच असतो, असं मी समजत होते. आनंद होताच. फुई रोट थापताना गाणी म्हणायची, आणि तिचा आवाज सगळ्यांत वर असायचा. दोन्ही गोष्टी एकाच स्वयंपाकघरातल्या आहेत. एक लिहिताना दुसरी पुसू नकोस.

आता तुझ्या नवव्या पानाबद्दल. तिथे तू लिहिलंयस की त्या दिवाळीत नेमकं काय झालं याबद्दल तुझं आणि तुझ्या मामेभावाचं जुळत नाही, म्हणून तो प्रसंग गाळलास. गाळू नकोस. माझ्याकडेही असाच एक प्रसंग आहे. ७२ साली दुष्काळ पडला. त्याच्या पुढच्या वर्षीची आखाजी, मी तेव्हा अकरा वर्षांची. घरात रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी चालली होती. तरी मायने मांडे भाजायचं मातीचं खापर चढवलं आणि पुरणाचे चारच मांडे केले, हे माझ्या डोळ्यांसमोर आहे. एकेका मांड्याचे तुकडे करून तिने सगळ्यांच्या ताटात ठेवले. सुरतेचा चुलतभाऊ म्हणतो, चूक. त्या वर्षी खापर माळ्यावरून उतरलंच नाही, गुळवणी आणि भाकरी खाल्ली. तो नक्की सांगतो, कारण त्याच वर्षी काका गिरणी बंद म्हणून सुरतेहून पॅसेंजरने रिकाम्या हाताने आले होते, आणि मांडे नाहीत म्हणून हा रडला होता. आणि फुई म्हणते, मांडे होते, पण आपले नव्हते, शेजारून आले होते, आणि ते परत करायचे राहिले म्हणून मायला वर्षभर रुखरुख होती.

तिघंही शपथेवर सांगतो. मी बरीच वर्षं खरं काय ते शोधत राहिले. आता तिन्ही लिहून ठेवलेत, कुणी सांगितलं त्याच्या नावानिशी. माझ्या मते त्या वर्षाची टंचाई या तिन्हींत मिळून जेवढी दिसते, तेवढी माझ्या एकटीच्या चार मांड्यांत दिसत नव्हती. तू मामेभावाला फोन कर. त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत उतरव, आणि मग तुझं.

भांडी उलटी करून बघ. हे मी अगदी मनापासून सांगते, कारण फार थोडे लोक करतात. आपल्याकडे पितळेच्या पातेल्यावर, स्टीलच्या डब्यावर नाव घालायची रीत आहे. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात दिलं, कधीकधी तारीखसुद्धा टिंबाटिंबांनी कोरलेली असते. मायच्या पाण्याच्या हंड्यावर एका बाईचं नाव होतं, आम्हा कुणालाच ठाऊक नसलेलं. फुईला विचारलं तेव्हा कळलं, ती मायची धाकटी बहीण, पहिल्या बाळंतपणात गेली. तिचा आहेर मायने आयुष्यभर पाण्यासाठी वापरला, आणि तिच्याबद्दल आमच्यापुढे चकार शब्द काढला नाही. त्या हंड्यातलं पाणी मी हजारदा प्यायले असेन. पत्र्याच्या डब्यात जुनी पोस्टकार्डंही सापडतील. आमच्याकडच्या काहींवर ‘जिल्हा पूर्व खानदेश’ असा पत्ता आहे. १९६० साली त्या जिल्ह्याचं नाव जळगाव झालं, त्यामुळे तारीख पुसली असली तरी कार्ड साधारण कधीचं ते कळतं.

पुढची गोष्ट भाषेची, आणि इथे मी जरा हट्टाने बोलणार आहे. तुझी आजी तुझ्या पानांवर म्हणते, “बाळा, पोटभर जेव हं.” तुझी आजी असं बोलते? तू मला फोनवर तिचा आवाज ऐकवला होतास. ती म्हणत होती, “आठे बठ, जेवी ले.” त्या चार शब्दांत हुकूम आहे, माया आहे, आणि तुझ्यासाठी सरकवलेली जागा आहे. मग तिला प्रमाण मराठी का नेसवलीस? अहिराणी कागदावर आणायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. मी शाळेत मास्तरीण होते, पोरांची अहिराणी लाल शाईने दुरुस्त करण्यात माझाही हात होता. पण ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या खंडात तिची खानदेशी म्हणून स्वतंत्र नोंद आहे. परक्या साहेबाने ती टिपायच्या लायकीची मानली. तुझ्या वहीत तिला जागा नसावी, हे मला सहन होत नाही. प्रत्येक शब्दाचा अर्थ समजावत बसू नकोस. चुलीपाशी काय चाललंय ते नीट लिहिलंस की अर्थ वाचणाऱ्याला लागतो.

पदार्थांबद्दल थोडंच. भरिताची कृती तू दोन पानं दिलीस, ती सगळ्यांना येते. त्याऐवजी वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजताना कोण राखण करायचं, लाकडी बडगीत कोण ठेचायचं, मिरची किती घालायची यावरून तुझ्या आई-मावशीत काय व्हायचं, ते लिही. आणि मापं आजीच्या हातून घे. ती ‘अंदाजाने’ म्हणेल. मग तिची मूठ काट्यावर वजन कर. मी हे मायच्या बाबतीत केलं नाही. ती गेल्यावर तिचं खापर मी घरी आणलं, पीठ वस्त्रगाळ केलं, तेल-मीठ घालून तास-दीड तास मळलं, पुरण नीट शिजवलं. मांडा हातावर घेतला, दोन्ही कोपरांपर्यंत वाढवत नेला, आणि प्रत्येक वेळी तो मध्येच फाटला. फुईने फोनवर विचारलं, “पाणी किती लावलं व्हतं?” मला सांगता येईना. तिलाही सांगता येईना. ती म्हणाली, हाताला कळतं. ज्या हाताला कळत होतं त्याच्या शेजारी मी वीस उन्हाळे बसले होते आणि आमरस पीत होते.

फुई आता ८४ वर्षांची आहे. येत्या आखाजीला मी तिला घेऊन येणार आहे. खापर माळ्यावरून काढून ठेवलंय, त्याला चीर नाही हे पाहिलंय. तूही ये. वजनकाटा घेऊन ये, माझ्याकडचा बिघडलाय.

त्याआधी आजीकडे एक चक्कर मार. टेबलाशी बसवू नकोस, ती मटार सोलत किंवा कोथिंबीर निवडत असेल तिथे खाली जाऊन बस, हातात काम घे. तुझ्या लहानपणाचं काही विचारू नकोस, ते तिने तुला शंभरदा सांगितलंय. तिच्या आजीच्या स्वयंपाकघराचं विचार. तिथे ती कुठे बसायची, तिला कोण वाढायचं.

मी मायला हे एकदाच विचारलं होतं. मी कॉलेजात होते, बसची घाई होती. ती म्हणाली, तिच्या आजीचं घर तापीकाठी होतं, उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातल्या वाळूत टरबूज-खरबुजांची डांगरवाडी लागायची, आणि आजी पहिलं डांगर कापून सगळ्यांना एकेक फोड द्यायची, पण तिला मात्र... इतक्यात बाहेर बसचा भोंगा वाजला. मी पिशवी उचलली आणि म्हटलं, माय, आल्यावर सांग.

तुझी,
ताई