वाचकांचे प्रश्न : काउंटीच्या दप्तरात घराण्याचा शोध

प्रश्न : माझ्या मुलीचे सासर अमेरिकेतील ओहायो राज्यात आहे. जावयांच्या आईकडील घराणे जर्मनीतून येऊन ऑग्लेझ काउंटीतील (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग) न्यू ब्रेमेन गावाजवळ शेती करीत होते आणि घराण्यातील पहिल्या जोडप्याचे लग्न 1846 साली तेथेच झाले, असे त्यांच्या घरी सांगतात. नातीसाठी दोन्हीकडची वंशावळ लिहून काढण्याचे मी मनावर घेतले आहे. परंतु ऑग्लेझ काउंटीच्या विवाहनोंदींत हे लग्न सापडत नाही. नोंद नष्ट झाली असे समजावे, की घरची आठवणच चुकीची मानावी? शेती, मृत्यू आणि मूळ गाव यांचे कागद कोठे पाहावेत?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : यांपैकी काहीही मानण्याची घाई करू नये. 1846 साली ऑग्लेझ काउंटी अस्तित्वातच नव्हती. ती 1848 मध्ये शेजारच्या काउंट्यांचे तुकडे जोडून निर्माण करण्यात आली. न्यू ब्रेमेन त्यापूर्वी मर्सर काउंटीत मोडत होते, तर आज ऑग्लेझचे मुख्य ठिकाण असलेले वापाकोनेटा (चंद्रावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँग यांचे गाव) अॅलन काउंटीत होते. नवी काउंटी झाली म्हणून जुन्या काउंटीची बांधीव पुस्तके सहसा उचलून नेली जात नसत. ती मूळ काउंटीच्याच दप्तरात राहत. त्यामुळे जोडप्याने घर बदलले नाही, गाव बदलले नाही, तरी त्यांच्या लग्नाचा कागद एका काउंटीत आणि मुलांच्या जन्माचा दुसऱ्या काउंटीत, असे सहज घडते. आपण 1846 ची नोंद मर्सर काउंटीत, म्हणजे तिचे मुख्य ठिकाण असलेल्या सेलायना येथे शोधावी. ओहायोत 1852 पासून विवाहाचा परवाना प्रोबेट न्यायालय, म्हणजे वारसा आणि मृत्युपत्रांचे न्यायालय, देऊ लागले; त्याआधी ते काम कॉमन प्लीज न्यायालयाच्या, म्हणजे काउंटीच्या सर्वसाधारण न्यायालयाच्या, कारकुनाकडे होते. जुनी पुस्तकेही आता बहुतेक ठिकाणी प्रोबेट न्यायालयाकडेच असतात. मर्सरमध्येही नाव नसेल, तर वधूचे माहेर कोणत्या काउंटीत होते ते पाहावे, कारण परवाना वधूच्या काउंटीतून घेण्याची रीत होती.

अमेरिकेत काउंट्या आणि त्यांच्या तोडीचे विभाग 3 हजारांहून अधिक आहेत आणि त्यांच्या सीमा दीडशे वर्षे हलत राहिल्या. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने प्रत्येक काउंटीची सीमा कोणत्या तारखेला कोठे होती हे दाखवणारा नकाशासंग्रह तयार केला असून तो विनामूल्य पाहता येतो. एखाद्या काउंटीला पत्र लिहिण्यापूर्वी त्यात गाव आणि वर्ष पडताळून पाहण्याची सवय लावून घ्यावी. ‘नोंद आढळली नाही’ हे उत्तर अनेकदा चुकीच्या दारावर थाप मारल्यामुळे आलेले असते.

शिरगणतीची कागदपत्रे काउंटीनिहाय लावलेली असली, तरी ती राष्ट्रीय अभिलेखागाराची आहेत. 1840 च्या शिरगणतीत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव असते. 1850 पासून घरातील प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, व्यक्तीचे नाव येते, 1880 पासून प्रमुखाशी असलेले नाते लिहिले जाते आणि 1900 मध्ये देशात आल्याचे वर्षही विचारलेले आहे. 1890 च्या शिरगणतीचा बहुतांश भाग 1921 मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीमुळे गेला, तेव्हा तेथे वीस वर्षांची पोकळी राहणारच. शिरगणती 72 वर्षांनी खुली होते. 1950 ची 2022 मध्ये खुली झाली.

जमिनीच्या कागदांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण वंशावळ करणारे त्यांच्याकडे फारसे वळत नाहीत आणि माझ्या मते हीच काउंटीच्या दप्तरातील सर्वांत भरवशाची गोष्ट आहे. शेतकऱ्याने जमीन थेट सरकारकडून घेतली असेल, तर पहिला कागद केंद्राच्या जमीन खात्याच्या नोंदींत मिळतो. त्यानंतरची प्रत्येक खरेदी-विक्री काउंटीच्या ‘रेकॉर्डर’कडे नोंदवलेली असते. आपल्याकडील दस्ताप्रमाणेच तेथेही लिहून देणार आणि लिहून घेणार अशा दोन स्वतंत्र सूच्या असतात आणि दोन्ही पाहाव्या लागतात. जमीन विकताना पत्नीचा आयुष्यभराचा हक्क सुटावा म्हणून तिची वेगळी संमती दस्तात लिहून घेत असत, त्यामुळे एरवी कोठेही न सापडणारे पत्नीचे नाव येथे हमखास सापडते. सर्वांत मोलाचा दस्त मात्र म्हातारा गेल्यानंतरचा असतो. सगळे वारस मिळून शेत एका भावाला किंवा परक्याला लिहून देतात, तेव्हा मुलगे, लग्न झालेल्या मुली, त्यांचे नवरे आणि कोण कोणत्या राज्यात राहायला गेले आहे, हे सर्व एकाच पानावर येते. लिहून देणाऱ्यांच्या सूचीत नावापुढे ‘व इतर’ असा शेरा दिसला, तर तो दस्त प्रथम काढावा.

मृत्यूच्या नोंदी ओहायोच्या काउंट्यांत 1867 पासून 1908 पर्यंत प्रोबेट न्यायालयाने ठेवल्या, आणि त्याही अपुऱ्या. 20 डिसेंबर 1908 पासून ते काम राज्याकडे गेले. राज्याच्या दाखल्यात आई-वडिलांची नावे आणि आईचे माहेरचे आडनाव विचारलेले असते, मात्र ती माहिती देणारा बहुधा मुलगा किंवा जावई असतो, तेव्हा आजीच्या माहेरच्या नावाबाबत त्याच्यावर पूर्ण विसंबू नये. 1867 पूर्वीच्या मृत्यूंसाठी वारशाचे प्रकरण पाहावे. यात एक खुबी आहे. मृत्युपत्रांच्या बांधीव पुस्तकात केवळ नक्कल असते; मूळ प्रकरणाची पुडी, म्हणजे घडी घालून फितीने बांधलेले सुटे कागद, वेगळ्या कपाटात असते आणि ती मुद्दाम मागावी लागते. तिच्यात घरातील चीजवस्तूंची यादी, लिलावात कोणत्या शेजाऱ्याने कोणता नांगर घेतला याची नोंद, अज्ञान मुलांच्या पालकाची नेमणूक आणि डॉक्टरचे व शवपेटी करणाऱ्या सुताराचे बिल असते. मृत्यूची तारीख कोठेच नसेल, तर ती या बिलांवरून जवळपास ठरवता येते.

मूळ गावाबाबत काउंटीकडून फार अपेक्षा ठेवू नये. 27 सप्टेंबर 1906 पूर्वी नागरिकत्व कोणत्याही पात्र न्यायालयात मिळत असे, आणि त्या काळच्या कागदावर बहुधा गावाऐवजी फक्त राजाचे नाव असते, कारण अर्जदार त्या राजावरील निष्ठा सोडत असल्याची शपथ घेत असे. 1871 पूर्वी जर्मनी हे एकसंध राष्ट्र नसल्यामुळे तेथे हॅनोव्हर, प्रशिया किंवा ओल्डेनबर्ग अशी नावे दिसतील. गावाचे नाव चर्चच्या जर्मन वह्यांत, कबरीवरील दगडावर किंवा तेथील जर्मन भाषेतील वृत्तपत्राच्या मृत्युवार्तेत मिळण्याची शक्यता अधिक आहे.

यांतील पुष्कळसे काम आपल्याला नाशिकहूनच करता येईल. सॉल्ट लेक सिटी येथील ‘फॅमिलीसर्च’ ही मॉर्मन चर्चची संस्था 1938 पासून काउंट्यांच्या पुस्तकांची छायाचित्रे घेत आली आहे आणि तिचे खाते विनामूल्य आहे. नाव टाकून शोध घेतल्यावर काही मिळाले नाही, म्हणून थांबू नये. तेथील सूचीत राज्य, काउंटी आणि मग विषय असे उतरत गेल्यास नावांची अनुक्रमणिका न झालेली पुस्तकेही पानन्‌पान उलटून पाहता येतात. काही छायाचित्रे फक्त संस्थेच्या केंद्रातच उघडतात. काउंटीला पत्र लिहायचे ठरल्यास ‘आमच्या घराण्याची सर्व माहिती पाठवावी’ असे लिहू नये. एका पत्रात एकच नोंद, नाव, वर्ष आणि शक्य असल्यास पुस्तकाचा व पानाचा क्रमांक द्यावा, आणि शुल्क आधी विचारून घ्यावे, कारण ते प्रत्येक काउंटीत निराळे असते.

प्रश्न : मृत्यूची नोंद आणि कबर एकाच काउंटीत असतात, असे धरून चालावे काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. मृत्यू जेथे झाला तेथे त्याची नोंद होते, वारशाचे प्रकरण मृताच्या राहत्या काउंटीत चालते आणि दफन तिसऱ्याच ठिकाणी असू शकते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे निधन 1887 मध्ये पुण्यात झाले, परंतु त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातील डचेस काउंटीत, पोकिप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत. डचेस काउंटीकडे त्यांच्या मृत्यूचा दाखला असण्याचे कारणच नाही. शिवाय न्यूयॉर्क राज्यात मृत्युनोंदी काउंटीऐवजी नगराच्या किंवा शहराच्या निबंधकाकडे असतात, आणि न्यू इंग्लंडमधील राज्यांतही नगराचा कारकूनच जन्म, विवाह व मृत्यूची वही सांभाळतो. लुइझियानात तर काउंटीला ‘पॅरिश’ म्हणतात. चर्चच्या पॅरिशशी तिची गल्लत करू नये.

प्रश्न : माझ्या आजोबांचे चुलते 1910 च्या सुमारास अमेरिकेला गेले. कॅलिफोर्नियातील इम्पीरियल काउंटीत त्यांनी शेती केली, तेथेच लग्न केले आणि ते परतले नाहीत. त्या काउंटीच्या जमिनीच्या किंवा नागरिकत्वाच्या नोंदींत त्यांचे नाव मिळत नाही. घरची हकीकत खोटी समजावी काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : त्या काळच्या कायद्यांकडे पाहिले, तर नाव न मिळणे हेच अपेक्षित आहे. कॅलिफोर्नियाच्या 1913 च्या कायद्याने नागरिकत्वास अपात्र ठरलेल्या परदेशीयांना शेतजमीन विकत घेण्यास मनाई केली आणि खंडाची मुदत 3 वर्षांवर आणली; 1920 मध्ये खंडाची वाटही बंद झाली. अमेरिकेत स्थायिक झालेले शीख गृहस्थ भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1923 मध्ये भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले, आणि ती दारे 1946 मध्ये उघडली. तेथे स्थायिक झालेले बहुतेक भारतीय पंजाबी होते आणि त्यांतील अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले. जमीन तेथेच जन्मलेल्या मुलांच्या किंवा विश्वासातील एखाद्या गोऱ्या माणसाच्या नावावर ठेवलेली असे. म्हणून दस्तांच्या सूचीत चुलत्यांचे नाव न शोधता पत्नीचे आणि मुलांचे शोधावे.

विवाहाचा परवाना इम्पीरियलमध्येच घेतला असेल असे नाही. भिन्न वंशांच्या विवाहाला तेव्हा कायद्याची आडकाठी होती. एका कारकुनाने परवाना नाकारला, तर जोडपी दुसऱ्या काउंटीत किंवा शेजारच्या राज्यात जात. मुलांच्या जन्मदाखल्यांकडे अधिक लक्ष द्यावे, त्यांत वडिलांचे जन्मस्थान आणि व्यवसाय असतो. कॅलिफोर्नियातील काउंटी रेकॉर्डर दूरच्या नातेवाइकाला ‘केवळ माहितीसाठी’ असा शिक्का असलेली प्रत देतो, आपल्या कामाला ती पुरते. चुलते 1907 पूर्वी तेथे पोचले असल्यास सॅन दिएगो काउंटीही पाहावी, कारण इम्पीरियल तिच्यातूनच त्या वर्षी वेगळी झाली.

शिरगणतीत 1920, 1930 आणि 1940 या तिन्ही वेळी भारतीयांचा वंश ‘हिंदू’ असा लिहिलेला आहे, मग तो माणूस शीख असो वा मुसलमान. नावाची अक्षरे ऐकणाऱ्याच्या कानाप्रमाणे बदललेली असणार. तेव्हा त्या काउंटीत वंशाच्या रकान्यात ‘हिंदू’ असलेली पाने एकामागून एक पाहणे, हे नावाने शोधण्यापेक्षा उपयोगी पडेल. याखेरीज पहिल्या महायुद्धातील लष्करभरतीच्या नोंदणीपत्रांकडे वळावे. ही नोंदणी परदेशीयांनाही सक्तीची होती. 12 सप्टेंबर 1918 च्या फेरीत 18 ते 45 वयाच्या, पूर्वी नोंद न झालेल्या पुरुषांना बोलावले होते आणि त्या पत्रावर जवळच्या नातेवाइकाचे नाव व पत्ता विचारलेला होता. चुलत्यांनी तेथे कोल्हापूरकडील भावाचे किंवा आईचे नाव दिले असेल, तर त्या एका ओळीवरून माणूस आपलाच आहे याची खात्री होईल.