बाकावर शेजारी कोण होतं?

मार्च उजाडला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक ठरावीक प्रश्न यायला लागतो. "मे महिन्यात आमच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे. जावंसं वाटतं, पण पाय उचलत नाही. काय करू?" चाकरमानी मे महिन्यात गावी येतात, म्हणून कोकणात हे मेळावे बहुतेक तेव्हाच ठरतात. विचारणारे बहुतेक गावातच राहिलेले असतात. मुंबईला गेलेलेही विचारतात, पण आडून आडून. गावातच राहिलेल्या एकाची गोष्ट त्याच्या परवानगीनं, ओळख पटेल असं सगळं बदलून सांगते.

तो देवगडकडचा आंबा बागायतदार. वय 46, दहावी 1995 ची. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यानं तीन वर्षांत एकही अक्षर लिहिलं नव्हतं, पण वाचत मात्र रोज होता.

"मे म्हणजे सीझन. माका जमूचा नाय," तो म्हणाला.

"मग भर सीझनमध्ये हे सांगायला कणकवलीपर्यंत कसे आलात?"

तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग हळूहळू बोलायला लागला. नववीत स्नेहसंमेलनात त्याचं भाषण होतं, शुद्ध मराठीत, घोकून घोकून पाठ केलेलं. मधेच तो अडखळला आणि तोंडातून निघालं, "शब्द गावणा नाय," म्हणजे शब्द सापडत नाही. सगळा मंडप हसला. दहावी संपेपर्यंत वर्गात त्याचं नाव 'गावणानाय' होतं.

"आता थय सगळे दुबई-पुण्याचे येतले. मी हयच रवलंय. परत तेच नाव..."

डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1967 साली लिहिलं होतं की, किशोरवयात आपल्याला सतत एका काल्पनिक प्रेक्षकवर्गासमोर उभं असल्यासारखं वाटतं. हा प्रेक्षकवर्ग मोठेपणीही पुरता उठून जात नाही. 2000 साली थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या मुलांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, जवळपास निम्म्या जणांनी चित्र पाहिलं असणार. प्रत्यक्षात पाहिलं होतं जेमतेम चौथ्या हिश्शानं. पण हे समजावून सांगून कुणाची भीती गेलेली मी पाहिलेली नाही. ते माणसाला स्वतःलाच सापडावं लागतं, या मतावर मी ठाम आहे.

तिसऱ्या भेटीत तो स्वतःहून म्हणाला, "साको भायरसून दिसणा नाय, मॅडम." हापूस वरून पिवळाधमक असतो, पण कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा डाग निघतो, तो साका. दुबईवाल्यांच्या आतही काहीतरी असेलच, असं त्याला म्हणायचं होतं. मी त्याला तिथेच थांबवलं. दुसऱ्याचं दुःख शोधून आपल्याला मिळालेला धीर फार टिकत नाही. मेळाव्यात पहिला सुखी माणूस भेटला की तो संपतो.

मग मी राखून ठेवलेला प्रश्न विचारला. हा मी मुद्दाम उशिरा विचारते.

"नववीत बाकावर शेजारी कोण होतं? त्या वर्षी त्याचं काय चाललं होतं?"

नाव त्यानं लगेच सांगितलं. पुढे काही बोलेना. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाच्या कडेवरून त्याचं बोट फिरत राहिलं. त्या बोटाला चिकाचा काळा डाग होता. मी घाई केली नाही.

"त्याचो बापूस होडी घेऊन गेलो, तो परत इलोच नाय. पंधरा दिवसांनी हो शाळेत इलो, तेव्हा डोक्यावर केस नव्हते. टकल्या म्हणून सगळे हसले." बोट थांबलं. "मी पण हसलंय. संमेलनाच्या आधी म्हयनोभर. त्याका काय वाटला असात, ता मी कधी इचारूकच नाय."

एवढी वर्षं तो मंडप त्याच्या मनात एकाच जागेवरून दिसत होता, स्टेजवरून. त्या दिवशी तो पहिल्यांदा बाकावर येऊन बसला. मी फक्त शेजारी जागा दाखवली होती, पण ती नेमक्या वेळी दाखवली, याचं समाधान मला आजही आहे.

म्हणून मला विचारणाऱ्यांना मी सांगते: चाळीस जणांना भेटायला जाऊ नका, एकाला भेटायला जा. त्याला आठ-दहा दिवस आधी फोन करा, ग्रुपवर नको. हल्ली काय करतोस, हे लगेच विचारू नका. त्या प्रश्नानं लगेच तराजू निघतो. तेव्हाचं काहीतरी विचारा: सायकल, आजी, मधल्या सुट्टीतला डबा. आपण कुणाला दुखावलं असेल तर माफी मागा, पण समोरच्यानं लगेच 'अरे सोड' म्हणावं ही अपेक्षा ठेवू नका. कधी निघायचं ते घरूनच ठरवून जा. आणि ज्यांना शाळेत खरोखर छळ सोसावा लागला, त्यांनी न जाणंही योग्यच आहे. 'जुनं विसर' म्हणणाऱ्यांचं ऐकू नये.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर तो आला. त्यानं फोन केला होता, माफी मागितली होती. पलीकडचा म्हणाला, "तू पण हसलंस, माका आठवता." मग बराच वेळ काहीच आवाज नाही. फोन ठेवावा का, असं याला वाटायला लागलं, तेवढ्यात त्यानं विचारलं, "कलमां किती हत आता?"

मेळाव्याला दोघं गेले, पण जेवणाआधीच उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडावर शेवटचे आंबे राहिले होते. हा घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, धरून काढत होता, मुंबईहून आलेला तो खाली बसून डागी फळं वेगळी करत होता, आणि आपल्या वडिलांच्या होडीबद्दल बोलत होता.