भुकेचं टॉनिक नको, वाटीतलं पाणी कमी करा

"पोरगी काही खातच नाही मॅडम, भूक लागायचं टॉनिक सांगा ना." पर्वती पायथ्याच्या वस्तीतून अकरा महिन्यांच्या मुलीला घेऊन आलेल्या आईची ही तक्रार. सोबतच्या आजींचं म्हणणं, "आमच्या घराण्यातच बारीक चण."

मुलीचं वजन ६.६ किलो, दंडाचा घेर १२.१ सेंमी. या वयाच्या मुलीचं वजन ६.९ किलोच्या खाली असेल तर ते कमी धरतात, आणि ११.५ ते १२.५ सेंमीमधला दंडघेर म्हणजे मध्यम कुपोषण. चण बारीक असली तरी तक्त्यावरची वजनाची रेषा चढत राहते. हिची दोन महिने आडवीच होती.

आई सकाळीच धुण्याभांड्याच्या कामाला जाते, भरवतात आजी. चहात बुडवलेली बिस्किटं, वरणाचं वरचं पाणी, भाताची पेज, मधूनमधून बाटलीतून पाणी घातलेलं दूध. म्हणजे मूल खात होतं! पण लहान मुलाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिली मावतं, हिच्या पोटात जेमतेम २०० मिली. ती जागा पाण्यानेच भरली की भूक मरते. चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. बाटली नीट स्वच्छ होत नाही, त्यातून जुलाब. आणि जुलाबात "पोटाला आराम" म्हणून खाणं बंद. वजन अडकलं ते इथे.

टॉनिकऐवजी खिचडी बदलली. तीन मुठी तांदळाला एक मूठ मूगडाळ, अगदी मऊ शिजवून चमच्याने घोटायची, गाळायची नाही. चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतकी घट्ट. वाढताना वाटीत एक छोटा चमचा तेल किंवा तूप: ५ मिली तेलात सुमारे ४० कॅलरी मिळतात आणि पोटात जागा जवळजवळ लागत नाही. कधी भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट (अख्खा दाणा कधीच नको), कधी कुस्करलेलं उकडलेलं अंडं.

आजींची भीती खरी होती: "घट्ट दिलं तर घशात अडकेल." पण अकरा महिन्यांचं मूल दात नसले तरी हिरड्यांनी चावतं. बसवून, अर्धा अर्धा चमचा, आधीचा घास गिळल्यावर पुढचा. सुरुवातीला जिभेने बाहेर ढकललं म्हणजे आवडलं नाही असं नव्हे, ती चव नवी असते. दोन दिवसांनी पुन्हा द्यायचं.

अर्धी वाटी, दिवसातून तीन-चार वेळा, मध्ये केळं किंवा नाचणीची घट्ट खीर. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालूच. मुलीची वाटी वेगळी ठेवा. मोठ्यांच्या ताटातून भरवलं तर पोटात किती गेलं ते कुणालाच कळत नाही. अंगणवाडीताई किंवा आशाताईंकडून मिळणारं लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, १ मिली.

जुलाब झाले तर ओआरएस, डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक, आणि खाणं-पाजणं चालूच. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त.

दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा. मात्र दंडघेर ११.५ च्या खाली गेला, दोन्ही पावलांवर अंगठा दाबल्यावर खळगा राहिला किंवा मूल सुस्त पडून काहीच घेईना, तर महिनाअखेरची वाट न बघता त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या.