कोऱ्या डेनिमचा न जाणारा वास

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी मी गडद काळसर-निळी, रॉ डेनिमची (म्हणजे कारखान्यात न धुतलेल्या कापडाची) जीन्स घेतली. मांडीवर आणि गुडघ्यामागे विटण्याच्या ठसठशीत रेषा उमटाव्यात यासाठी सहा महिने तिला पाणी लावू नये, असा सल्ला मिळाल्यामुळे ती अजून एकदाही धुतलेली नाही. पहिल्या दिवसापासून तिला गंधकासारखा उग्र वास आहे आणि हवा दमट असली की तो वाढतो. उन्हात टाकून, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून आणि अत्तर फवारून पाहिले. दोन दिवसांत वास परत येतो. न धुता तो घालवता येईल का?

उत्तर : नाही. आणि चार महिने वापरून झालेली जीन्स धुतल्याने आपण काही गमावणार नाही, हेही आधीच सांगतो.

आपल्या जीन्सला बहुधा एक नव्हे, दोन वास आहेत. पहिला कारखान्यातून आलेला. जीन्सचा निळा रंग, म्हणजे इंडिगो, पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे हायड्रोसल्फाइट हे गंधकयुक्त रसायन आणि अल्कली घालून तो विरघळणाऱ्या, पिवळसर रूपात आणतात, त्यात सूत बुडवतात आणि बाहेर काढून हवा देतात. हवा लागताच सूत हिरवट होत होत निळे पडते, आणि गडद छटेसाठी हेच अनेकदा करावे लागते. काळसर छटा हवी असेल तर जोडीला गंधकयुक्त सल्फर रंग वापरण्याची पद्धत आहे. पुढे विणताना तुटू नये म्हणून ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्याला खळ लावली जाते. धुतलेल्या जीन्समधून हा सारा ऐवज कारखान्यातच निघून जातो, रॉ डेनिममध्ये तो तसाच राहतो. आपण वर्णन केलेला वास उरलेल्या गंधकयुक्त द्रव्यांचा असावा. पिष्टमय खळ ओलावा धरून ठेवते, म्हणून दमट हवेत त्यात कुबटपणाही मिसळतो.

दुसरा वास आपल्या अंगाचा. घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. त्यावर जगणारे जिवाणू तो निर्माण करतात. कमरपट्टी, जांघेतील शिवण आणि खिशांचे अस्तर या त्यांच्या आवडत्या जागा होत.

दोन्ही वास वेगळे ओळखण्यासाठी पांढरे फडके कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळा. त्याने आधी जीन्सच्या पायाच्या तळाशी, आतल्या बाजूने, एकाच ठिकाणी दहा-बारा वेळा घासा आणि हुंगा. मग फडक्याच्या कोऱ्या कोपऱ्याने कमरपट्टीवर तेच करा. तळाशीही उग्र वास आला तर दोष रंगाचा आणि खळीचा आहे, कारण तिथे घाम क्वचितच पोचतो. फडक्यावर निळा डाग पडेलच, त्याने घाबरू नये. इंडिगो धाग्याच्या वरच्या थरात बसतो, गाभा पांढराच राहतो; म्हणून तर डेनिम घासून विटते.

आपले तिन्ही उपाय का फसले, हे आता ध्यानात येईल. फ्रीझरच्या थंडीत बहुतेक जिवाणू मरत नाहीत, फक्त सुस्तावतात, आणि अंगाची ऊब लागताच पुन्हा कामाला लागतात. अत्तराने एका वासावर दुसरा चढतो, इतकेच. उन्हाने कापड वाळते खरे, पण त्याच उन्हाने रंगही असमान विटतो.

तरी न धुण्याच्या सल्ल्यामागे आरोग्याचा मोठा धोका आहे, असे मी म्हणणार नाही. 2011 साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने पंधरा महिने न धुता वापरलेल्या जीन्सची तपासणी झाली, तेव्हा तीवरील जिवाणूंची संख्या, ती धुऊन सुमारे दोन आठवडे वापरल्यानंतरच्या संख्येइतकीच निघाली. तेव्हा प्रश्न वासाचाच आहे, आणि तो पाण्याने सुटतो.

धुताना जीन्स उलटी करावी, बटणे लावावीत आणि टबात 30 ते 40 अंश सेल्सिअसच्या पाण्यात, एन्झाइम असलेला थोडा द्रव डिटर्जंट घालून, पाऊण तास सपाट बुडवून ठेवावी. अशा डिटर्जंटमधील अमायलेज हे एन्झाइम खळ तोडते. पाणी बुळबुळीत आणि गढूळ झाले तर खळ सुटते आहे असे समजावे. पिळू नये, पिळल्याने नको तिथे पांढऱ्या रेघा पडतात. पाण्यातला बुळबुळीतपणा जाईपर्यंत तीन-चार वेळा खळबळून काढावी. कापड सॅनफोराइज केलेले, म्हणजे कारखान्यात आधीच आटवून घेतलेले नसेल तर ते दहा टक्क्यांपर्यंत आटू शकते, म्हणून लेबल आधी वाचावे.

व्हिनेगरचा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. घामट वासावर ते उपयोगी पडते, मात्र रंग पक्का करत नाही. ती निव्वळ समजूत आहे. आपल्या जीन्सच्या बाबतीत तर सुरुवात त्याने करूच नये, कारण आम्लाचा स्पर्श झाला की उरलेल्या सल्फाइडमधून सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. पहिल्या धुण्यानंतर वास उरला तर पाच लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून तासभर भिजवावी. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करू नये, दोघे एकमेकांना निकामी करतात. क्लोरीनचे ब्लीच अजिबात नको. ते इंडिगो आणि सल्फर दोन्ही रंग खाते.

वाळवताना खिसे बाहेर ओढून, सावलीत, वाऱ्यावर टांगावी. जाड डेनिमच्या खिशांखालचे आणि कमरपट्टीतले पदर सर्वांत शेवटी वाळतात आणि नवा कुबटपणा तिथूनच सुरू होतो, म्हणून बोटांनी चाचपून पाहिल्याशिवाय जीन्स घडी करू नये. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत तर ठेवूच नये: उष्ण, दमट जागी काळ्या सल्फर रंगातून हळूहळू गंधकाम्ल तयार होते आणि काही काळाने सूतच कुजून फाटू लागते.