रेषेबाहेरचा गोंधळ आणि पंचांचे अधिकार

प्रश्न : मी बारा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल सामन्यांत पंच म्हणून काम करतो. गेल्या सामन्यात एका खेळाडूचे वडील रेषेलगत उभे राहून सतत शिवीगाळ करीत होते आणि त्यांना आवरण्याऐवजी प्रशिक्षकही माझ्यावर ओरडू लागले. अशा वेळी मी कोणाला कार्ड दाखवू शकतो?

उत्तर : प्रशिक्षकांना दाखवू शकता, वडिलांना नाही. जून २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनुसार संघाच्या अधिकाऱ्यांनाही पिवळे व लाल कार्ड दाखवता येते. इतकेच नव्हे, तर बाकावरून, म्हणजे राखीव खेळाडू व प्रशिक्षक बसतात तेथून, नेमके कोण बोलले हे ओळखता आले नाही, तर ते कार्ड तेथे उपस्थित असलेल्या सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाला दाखवले जाते. ही तरतूद काहींना अन्यायकारक वाटते, पण बाक शांत ठेवण्यास तिचा उपयोग होतो, असे माझे मत आहे.

प्रेक्षकाशी मात्र आपण स्वतः वाद घालू नये. खेळ थांबताच आयोजकांना बोलावून त्या गृहस्थांना मैदानापासून दूर नेण्यास सांगावे आणि ते गेल्याशिवाय खेळ सुरू करू नये. बाहेरून असा व्यत्यय आल्यास सामना थांबवण्याचा, तहकूब करण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार फुटबॉलच्या नियमावलीतील पाचव्या नियमाने पंचांना दिलेला आहे. तेवढ्या वेळात मुलांना मैदानाच्या मध्यभागी, ओरडणाऱ्यांपासून लांब बसवावे. अहवालात ‘गैरवर्तन केले’ असे मोघम न लिहिता उच्चारलेले शब्द आणि मिनिट नोंदवावे. मोघम तक्रारीवर कारवाई होणे कठीण असते.